फ्रेंडशिपचे बारा दोष

नंदकिशोर ताटके हा माणूस चुका काढायलाच जन्माला आला, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथं लिहायला मला कसलाही संकोच नाही. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. त्यांची बायको वैदेही माझी जिवाभावाची मैत्रीण. ती चौऱ्याण्णव साली गेली. मग त्या घरात ताटके आणि मुलगा ऋषी असे दोघे उरले, आणि वर्षभरात ताटके एकटे उरले.

ताटके सांताक्रूझला विमान कंपनीत होते. पायलट नव्हेत हो. सोसायटीतली मंडळी पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, "हे आमचे विमानवाले ताटके," की पाहुणे त्यांना पायलटच समजायचे आणि ताटके तिथल्या तिथे दुरुस्ती करायचे, "पायलट नाही. इन्स्ट्रुमेंट इन्स्पेक्टर." विमानात पायलटसमोर वेगाची, उंचीची, दिशेची गोल घड्याळं असतात ना, ती शॉपमध्ये दुरुस्तीला यायची. ताटक्यांनी पास केल्याशिवाय एकही परत विमानात चढायचं नाही. सत्तावीस वर्षं हेच काम. त्यातही उंचीचं घड्याळ, म्हणजे अल्टिमीटर, हे त्यांचं खास. त्याची सुई कधीकधी किंचित अडकते, म्हणून आकडा वाचायच्या आधी काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची असते. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की भिंतीवरचं घड्याळ बघायचं झालं तरी आधी टिचकी. रिक्षाच्या मीटरला टिचकी मारतात म्हणून रिक्षावाल्यांशी दोनदा भांडण झालेलं मी स्वतः पाहिलंय.

घरीही इन्स्पेक्शन चालूच. वैदेहीच्या भाजीत मीठ कमी, पडद्याची शिवण वाकडी, ऋषीच्या अक्षराचा कल उजवीकडे. बरं, हे सगळं खरंच असायचं, तीच तर पंचाईत! खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. वैदेही हसून सोडून द्यायची. ऋषी नाही सोडायचा, तो गप्प व्हायचा.

वैदेहीच्या तेराव्याला नातेवाईक जमले होते. ऋषीनं आईबद्दल दोन पानं लिहिली होती. बावीस वर्षांचा पोरगा, उभा राहून वाचत होता बिचारा. "आई-बाबांचं लग्न एकोणसत्तर साली झालं," असं त्यानं वाचलं, आणि भिंतीशी बसलेले ताटके म्हणाले, "सत्तर." ऋषी थांबला. "सत्तर साली. फेब्रुवारीत," ताटक्यांनी पुन्हा सांगितलं. ऋषीनं कागदाची घडी केली, खिशात घातला आणि आत निघून गेला. पुढचं दीड पान कुणी ऐकलंच नाही. मला तेव्हा असा संताप आला होता की हातातली पेल्यांची थाळी त्यांच्या डोक्यात घालावी.

पंच्याण्णवला ऋषी अमेरिकेला गेला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर. तिथून त्यानं बाबांना एकदाच फोन केला. ताटके आमच्याच फोनवर आले होते, त्यांच्याकडे तेव्हा फोन नव्हता. ऋषी म्हणाला, इथे आता रात्रीचे दहा वाजलेत, तुमच्याकडे साडेसात ना? ताटके म्हणाले, "साडेआठ. तुमच्याकडे घड्याळं मागे केली परवा. फरक साडेदहा तासांचा झाला." मग दोघेही गप्प. मिनिटाचे पैसे पडतात हो परदेशच्या फोनला, आणि हे दोघे गप्प! त्यानंतर ऋषीनं बाबांना फोन केला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मला करायचा. "काकू, बरे आहेत ना?" एवढंच. त्या दिवशी ताटके बरोब्बर त्या सुमाराला पेपर मागायला आमच्या दारात यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरी पेपर येत होता. मी म्हणायची, "ऋषी बरा आहे हो." ते म्हणायचे, "हं." आणि आमचा पेपर घेऊन जायचे. नंबर माझ्या डायरीत होता. त्यांनी तो कधी मागितला नाही आणि मीही दिला नाही.

शहाण्णवला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरात बसले. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. देवळात नाही, कट्ट्यावर नाही. गणपतीच्या वर्गणीची पावती सुद्धा दाराच्या फटीतून घ्यायचे. मग एक दिवस वाशीहून टेंपोतून कॉम्प्युटर आला, पाठोपाठ फोन आला आणि त्या घरातून विमानाचा आवाज यायला लागला.

विमान उडवायचा खेळ असतो तो. सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर धावपट्टी, समोर सगळी घड्याळं, हातात दांडा. मला एकदा दाखवलं. सांताक्रूझहून उडालो, खाडी ओलांडली. मी म्हटलं, "आपलं जुईनगर कुठंय?" ताटके म्हणाले, "नाही." खाली नुसता हिरवा रंग! वाशी नाही, नेरुळ नाही, आमची सोसायटी नाही, काही म्हणजे काही नाही. मला कसंसंच झालं, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. घड्याळं बरोबर चालतायत का, एवढंच ते बघत होते.

तर त्या खेळात जगभरातले हौशी लोक आपापली विमानं तयार करून इंटरनेटवर ठेवतात. तुम्ही ती उतरवून घ्यायची आणि खेळात जोडायची. इंग्लंडमधल्या एका हौशी मंडळाच्या पानावर अशा जोड-विमानांची परीक्षणं यायची. ताटक्यांनी त्यांना चुकांची एक यादी पाठवली, न मागता. संपादक खूश! म्हणाला, तुम्हीच लिहा. झालं. चुका काढायच्या आणि वर लोकांनी आभार मानायचे. असं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं.

त्यांची पद्धत ऐका. एका विमानाला तीन उड्डाणं. खेळात वेळ पळवायची सोय असते, ती वापरायची नाही. मुंबई-औरंगाबादला पाऊण तास लागतो ना, मग पाऊण तास खुर्चीत बसायचं. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही. मधे दार वाजवलं तर उघडायचे नाहीत, आतून ओरडायचे, "उतरतोय!" आमच्याकडे धुणीभांड्याला येणारी पुतळा त्यांचंही काम करायची. ती एकदा घाबरून मला म्हणाली, "बाय, तुमचा तो ताटकं त्या टीवीच्या काचंवर टिचक्या मारतंय. डोका बरा हाय ना त्याचा?" मी म्हटलं, बरा आहे गं, सवय आहे ती.

परीक्षण ते हातानं लिहायचे, इंग्रजीत, आणि माझ्याकडे आणायचे. मी नेरुळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. चूक दिसली की माझाही हात शिवशिवतो, खोटं कशाला बोलू? त्यांचं इंग्रजी म्हणजे सगळं शॉपमधल्या रिपोर्टासारखं. मी नीट करून द्यायची, मग ते टाईप करून पाठवायचे. शेवटी दहापैकी मार्क. बहुतेकांना तीन नाहीतर चार. दोन वर्षांत दोघांना सहा मिळाले होते, एका जर्मन माणसाला सात. त्या माणसानं म्हणे आनंदानं पत्र पाठवलं होतं. म्हणजे बघा, सातासमुद्रापार लोक यांच्या सात मार्कांवर नाचत होते, आणि इकडे यांच्याशी बोलायला अख्ख्या इमारतीत मी एकटी, तीही भांडायला.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत पहिल्या रविवारी ऋषीचा फोन आला. आवाज वेगळाच होता, लहान मुलासारखा. "काकू, मी एक विमान केलंय."

बाबांची परीक्षणं तो तिकडे इंटरनेटवर गुपचूप वाचत होता, आणि आठ महिने रात्रंदिवस खपून त्यानं फोकर फ्रेंडशिप केलं होतं. दोन पंख्यांचं जुनं विमान, ताटक्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या शॉपमध्ये ज्याची घड्याळं यायची ते. नाव मात्र स्वतःचं दिलं नव्हतं. कुठलं तरी साहेबी नाव, मेसन की काय.

"अरे, पण नाव का नाही दिलंस?"

"माझं नाव बघून त्यांनी मार्क दिले तरी मला नकोत काकू, आणि कापले तरी नकोत. नुसतं काम बघून काय म्हणतात ते मला एकदा ऐकायचंय. सहा दिले ना, सहा, की त्याच दिवशी मी त्यांना स्वतः फोन करणार. आणि दिवाळीला येणार. तुम्ही सांगायचं नाही. आईची शपथ."

वैदेहीची शपथ घातल्यावर मी काय बोलणार? हो म्हटलं. ठेवला फोन, आणि दारात ताटके उभे, पेपरला. "ऋषी बरा आहे हो," मी म्हटलं. "हं," ते म्हणाले. मी पेपर त्यांच्या हातात कोंबला.

पुढच्याच आठवड्यात ते फ्रेंडशिप त्यांच्याकडे परीक्षणाला आलं. मला लगेच कळलं, कारण समोरच्या घरातून वेगळाच आवाज यायला लागला, शिट्टी मारल्यासारखा. मी मुद्दाम वाटीभर साखरभात घेऊन गेले. ताटके खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. "वहिनी, हा आवाज ऐका. इंजिन असंच ओरडायचं. बरोब्बर पकडलंय पठ्ठ्यानं." पठ्ठ्या म्हणाले! इतक्या वर्षांत मी हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाटलं जिंकलं पोरानं. मी उगाच साखर पेरली, "नवखा दिसतोय हो. नवख्याला जरा सांभाळून घ्यावं."

"तुम्ही वर्गात सांभाळून घेता?" त्यांनी विचारलं. मी घेत नाही. वाटी तिथंच ठेवून घरी आले.

दोन दिवसांनी परीक्षण घेऊन आले ते कपाळाला आठ्या घालून. आवाज उत्तम, रंग उत्तम, पण अल्टिमीटर चुकतो. चाळीस फूट जास्त दाखवतो. सुई अडकते. तिन्ही उड्डाणांत तेच. दहापैकी चार. आणि शेवटचं वाक्य होतं, ज्याला अल्टिमीटर करता येत नाही त्यानं विमान करण्याच्या भानगडीत पडू नये.

मी ते वाक्य लाल पेनानं कापलं. त्यांनी ते निळ्या पेनानं परत लिहिलं. मी म्हटलं, "चाळीस फूट म्हणजे काय हो, चार मजले! एवढ्यासाठी कुणाचा जीव घेताय?" ते म्हणाले, "धुक्यात उतरताना चार मजल्यांत दीडशे माणसं जातात." मी म्हटलं, "खेळ आहे तो ताटके भाऊजी, कोण मरतंय त्यात?" त्यांनी नुसतं कागदाकडे बोट केलं. आणि मी, शहाणी, मी त्यांचं इंग्रजी नीट करून दिलं. ओठावर आलं होतं, हे तुमच्या पोराचं आहे हो. शपथ आड आली. आणि खरं सांगू, मला वाटलं छापून येईल, पोरगा चिडेल, रागारागानं तरी फोन करेल. माझा अंदाज साफ चुकला. त्या चुकीला कुणी मार्क दिले तर मला शून्य मिळतील.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ऋषीचा फोन आला. "काकू, त्यांनी काचेवर टिचकी मारली नाही?"

"मारली रे! रोज मारत होते. पुतळानं सुद्धा पाहिलं."

"कशी मारली?"

"कशी म्हणजे? बोटानं. मॉनिटरच्या काचेवर."

 मग तो हसायला लागला, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. त्यानं सांगितलं ते असं. तो सात वर्षांचा असताना ताटक्यांनी शॉपमधून एक बाद झालेला अल्टिमीटर घरी आणला होता आणि त्याला मांडीवर घेऊन शिकवलं होतं, आधी टिचकी मारायची, सुई सैल होते, मगच वाचायचं. बाबांच्या मांडीवर बसल्याची त्याला तेवढी एकच आठवण. म्हणून त्यानं विमानात मुद्दाम तशी सुई केली होती. चाळीस फुटांवर अडकणारी. त्या घड्याळावर माऊस नेऊन दाबलं की टिचकीचा आवाज होऊन सुई जाग्यावर यायची. जगात दुसऱ्या कुणालाही ते सुचलं नसतं, फक्त बाबांना कळेल म्हणून. आणि बाबांनी टिचकी मारलीही, पण खऱ्या काचेवर, खऱ्या बोटानं! आता सांगा, या बापलेकांना काय म्हणायचं?

"जाऊ दे काकू," तो म्हणाला. "सांगू नका त्यांना." आणि मार्चच्या पहिल्या रविवारी फोन आला नाही. एप्रिलच्याही नाही. ताटके दोन्ही रविवारी पेपरला येऊन उभे राहिले. मी काय सांगू? दुसऱ्या वेळी तर मी दार लावून घेईपर्यंत जिन्यातच उभे होते.

एप्रिलात मी शपथ मोडली. वैदेही असती तर तिनं कधीच मोडली असती. भर दुपारी गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते फ्रेंडशिप ऋषीचं आहे. सहा मार्कांची अट होती. आणि ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं, तुमची वाट बघत होतं.

ताटके उठले. कॉम्प्युटर चालू केला. तो चालू व्हायला तेव्हा किती वेळ लागायचा, तेवढा वेळ आम्ही दोघं नुसते बसलो. विमान धावपट्टीवर उभं होतं. त्यांनी माऊस त्या गोल काचेवर नेला आणि दाबला. टिक् झालं. सुई थरथरली आणि चाळीस फूट खाली येऊन बरोबर जागी थांबली. त्यांनी विमान बंद केलं, परत चालू केलं, परत दाबलं. चार वेळा तसंच केलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मी त्याला शिकवलं होतं हे. विसरलो होतो मी वहिनी. त्याच्या लक्षात राहिलं." आणि रडायला लागले. मी त्यांना वैदेहीच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी इंग्लंडच्या मंडळाला दुरुस्ती पाठवली. अल्टिमीटर बरोबर आहे, चूक परीक्षकाची. तिथला नियम असा की दिलेले मार्क बदलत नाहीत, त्यामुळे चार ते चारच राहिले, खाली दुरुस्तीची ओळ आली. आणि ऋषीला पत्र लिहिलं. विमानासोबत एक पत्ता होता, त्यावर ई-मेल करायचा. मराठीतलं पत्र, पण टाईप इंग्रजी अक्षरांत, दुसरी सोय नव्हती. आधी हातानं लिहून मला दाखवायला आणलं. इंग्रजी नव्हतं तरी आणलं.

पहिल्या चार ओळी चांगल्या होत्या. अल्टिमीटर अचूक आहे, असा अल्टिमीटर मी कुठल्याही विमानात पाहिला नाही, चूक माझी झाली. मला भरून आलं. आणि त्याखाली? त्याखाली आकडे घालून बारा दोष! दरवाजा चार इंच मागे हवा. चाकं वर जायला दोन सेकंद जास्त घेतात. इंधनाचं घड्याळ आधी रिकामं दाखवतं. काचेवरचा वायपर नाही. असे बारा!

माझा नुसता तिळपापड झाला. "ताटके, लाज नाही वाटत? चार वर्षांनी पोराला पत्र लिहिताय आणि बारा दोष?"

"पण आहेत," ते म्हणाले. "खोटं कसं लिहू? मग वरच्या चार ओळी पण त्याला खोट्या वाटतील."

 गेलं ते पत्र तसंच.

दीड महिना काही नाही. ताटके दिवसातून तीनदा टपाल बघायचे, म्हणजे तो मोडेम किरकिरायचा, आणि समोरच्या दारातून मला ऐकू यायचं. मग जूनमध्ये उत्तर आलं. विमानाची नवी आवृत्ती होती आणि सोबत एकच ओळ: एक, चार, पाच, नऊ, अकरा दुरुस्त. बाकी बघतो. बाबा नाही, नमस्कार नाही, खाली सही नाही. ताटक्यांनी ती ओळ कागदावर छापून मला आणून दाखवली. जणू पोराचा दहावीचा निकाल लागला होता.

मग सुरूच झालं. हे तीन उड्डाणं करायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कळवायचे. तो दुरुस्त करून पाठवायचा. मला रविवारचे फोन परत यायला लागले. एकदा मी म्हटलं, "अरे, इथंच दारात उभे आहेत, देऊ का?" तो घाईघाईनं म्हणाला, "नको काकू. काय बोलणार?" ताटक्यांनी ऐकलं असणार, दोन हातांवर तर उभे होते. पेपर घेऊन गेले. दिवाळी आली, गेली. त्यांच्या दाराशी मीच पणती ठेवली. दोष मात्र कमी होत होते. ऑगस्टला पाच उरले, सप्टेंबरला दोन. नोव्हेंबरात शेवटचा वायपरही आला.

आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी ताटके माझ्या दारात उभे. शाळेला सुट्टी होती, मी चकल्यांचे उरलेसुरले तुकडे डब्यात भरत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं छातीत दुखतंय.

"वहिनी, दोष सापडत नाही."

"म्हणजे?"

"तीनाऐवजी नऊ उड्डाणं केली. काहीच सापडत नाही. सगळं बरोबर आहे."

"अहो मग देवाला नारळ फोडा! तसं लिहा त्याला. दहापैकी दहा."

ते आत येऊन बसले. कधी बसत नसत. "दहा लिहिले तर संपलं ना," ते म्हणाले. "मग तो कशाला लिहील?"

मी डबा खाली ठेवला. इतकी वर्षं मी या माणसावर चिडत आले, पण त्या क्षणी माझ्याच्यानं चिडवेना. मी म्हटलं, "लिहा ना, की तुझी आठवण येते. ये म्हणून लिहा." त्यांनी मान हलवली. ते त्यांना यायचंच नाही, एखाद्याला पोहणं येत नाही तसं. थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हीच एखादा दोष सुचवा." मी काय सुचवणार, कप्पाळ? मला विमानातलं ओ की ठो कळत नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच लिहिला. डाव्या पंखाच्या टोकाचा लाल दिवा मंद वाटतो. मंद नव्हता. पुस्तकातल्या चित्राशी त्यांनी आधीच ताडून पाहिला होता, बरोबर होता. नंदकिशोर ताटक्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा शेरा मारला आणि तीन दिवस जेवले नाहीत धड. पुतळा म्हणाली, भाजी तशीच पडून असते.

दहा दिवसांत उत्तर आलं, इतक्या लवकर कधी आलं नव्हतं. लाल दिवा वाढवला. ताटक्यांनी मला हाक मारली. पडद्यावर फ्रेंडशिप उभं होतं आणि त्याच्या डाव्या पंखावर आगीच्या बंबावर असतो तसला भगभगीत लाल दिवा. मलाही कळलं, हे चुकलंय.

"बघा," ताटके म्हणाले. "बरोबर होतं ते. माझ्या एका शब्दावर बिघडवलं त्यानं. बघा वहिनी. मी म्हटलं म्हणून." आणि पुढे काय बोलले ते मला आजही ऐकू येतं. "लहानपणापासून असंच करत असेल तो. बरोबर असलेलं सुद्धा." त्यांना बरं वाटावं म्हणून मी "तसं नाही हो" म्हणू शकले असते. पण म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण पहिला नव्हे. सकाळी नऊ वाजता त्यांनी बेल वाजवली. पेपर नाही मागितला. म्हणाले, "नंबर द्या." मी डायरी काढली. त्यांच्या घरात फोन असताना माझ्याच फोनवर बसले, कदाचित तिथं एकट्यानं धीर झाला नसता. एक-एक आकडा फिरवला. मी आत जायला निघाले तर हातानं थांबा म्हणाले.

"ऋषी. बाबा बोलतोय." मग एका दमात, पाठ केल्यासारखं, "दिवा बरोबर होता. मी खोटं लिहिलं. पहिल्यापासून बरोबर होता."

तिकडून काही तरी बोलणं झालं. ताटक्यांनी भिंतीला हात टेकला.

"माहीत होतं? मग बदललास कशाला रे?"

मग ते नुसते ऐकत राहिले. हं म्हणाले नाहीत, दुरुस्ती केली नाही, तो बोलत होता तोवर एकदाही मधे तोंड उघडलं नाही. किती मिनिटं झाली मला ठाऊक नाही, मी घड्याळ बघितलं नाही. फोन ठेवल्यावर सुद्धा त्यांचा हात रिसीव्हरवरच होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुमच्याकडे दोष संपले हे मला कळलं होतं. म्हणून मीच एक करून पाठवला. तुम्हाला पुढं लिहायला काहीतरी हवं ना."

मी पदर डोळ्यांना लावला. पण माझा स्वभाव आडवा आला. "आणि येणार कधी? ते विचारलंत का?"

ताटके माझ्याकडे बघत राहिले. इतका भांबावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"ते राहिलं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी विचारतो."